अंधारे सर

शाळेत चित्रकलेच्या शिक्षकाला स्वतःचं असं काही नसतं. त्याचा तास विज्ञानवाले पोर्शन राहिला म्हणून मागून नेतात, त्याचे ब्रश गॅदरिंगवाले नेतात ते केस गळून परत येतात, आणि उरलासुरला तो स्वतः फलकलेखनाला जातो. स्वातंत्र्यदिनाची रांगोळी, वृक्षदिंडीच्या पाट्या, मतदारजागृतीची पोस्टरं, निवृत्त होणाऱ्या बाईंचं मानपत्र, स्टेजवरची अक्षरं (थर्माकोलवर बंदी आल्यापासून पुठ्ठ्याची) हे सगळं त्याच्याकडे. त्याला खरा भाव येतो तो वर्षातून एकदाच, इंटरमिजिएटच्या परीक्षेआधी. त्या ग्रेडचे वाढीव गुण दहावीला मिळतात, त्यामुळे डॉक्टर व्हायला निघालेली पोरंसुद्धा स्थिरचित्रातल्या तांब्याकडे भक्तिभावानं बघू लागतात. आमचे आधीचे चित्रकला सर या संसारात निवृत्तीपर्यंत सुखानं नांदले. कलेविषयी त्यांचं मत विचारलं तर ‘रंग ओला असताना हात लावू नये’ एवढंच ते सांगायचे, आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती.

नव्या सरांना मात्र तत्त्वज्ञान होतं.

ते मुंबईहून, जे. जे.तून, थेट कोल्हापुरात आमच्या शाळेत आले. या जातीचा माणूस लांबून ओळखू येतो. कुर्ता खादीचा, पण चुरगळलेला मुद्दाम. दाढी वाढवलेली नसते आणि केलेलीही नसते. समोरच्याचं बोलणं ऐकताना ते मान तिरकी करून त्याच्या कानामागच्या भिंतीकडे बघायचे. तिथं उजेड चांगला पडलेला असायचा. अधूनमधून दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून त्यांची चौकट करायची आणि तिच्यातून जगाकडे बघायचं, ही दुसरी खोड. रुजू व्हायला आले त्या दिवशी त्यांनी त्या चौकटीतून हेडसरांकडे पाहिलं. हा नमस्काराचा मुंबईतला काही नवा प्रकार असावा असं समजून हेडसरांनीही तशीच चौकट करून त्यांच्याकडे पाहिलं. दोघं काही क्षण एकमेकांना असे न्याहाळत होते. मग शिपाईमामा चहा घेऊन आले.

छायाचित्रणाच्या छंदवर्गाची कल्पना हेडसरांची. दहावीच्या एका जुन्या बॅचनं स्नेहमेळाव्यात शाळेला आठ डिजिटल कॅमेरे भेट दिले होते. प्रत्येकाच्या खिशात चांगला फोन आल्यावर घरात पडून राहिलेली वस्तू मातृसंस्थेकडे जाते, ही आपली रीतच आहे. आमच्या ग्रंथालयात विश्वकोशाचे खंडही याच वाटेनं आलेत. हेडसरांचा हिशेब सरळ होता. पोरं फोटो काढायला शिकली की गॅदरिंगला स्टुडिओवाल्याचे पैसे वाचतील. शिवाय हल्ली शाळेत फोटोशिवाय काहीच घडत नाही. झाड लावलं, फोटो. खिचडी वाढली, फोटो. हात धुतले, फोटो. शाळेत मुलांची हजेरी टिकावी म्हणून वर्गाच्या गटांसोबत शिक्षकांनी सेल्फी काढून ‘सरल’ पोर्टलवर टाकावा, असा आदेश २०१६ साली शासनानं काढला होता. शिक्षकांच्या विरोधामुळे तो बारगळला, पण ज्या राज्यात तो निघू शकतो तिथं फोटो काढणारा माणूस पदरी असावा, हे हेडसरांनी तेव्हाच ओळखलं होतं.

नव्या सरांनी पहिल्याच तासाला आठही कॅमेरे कपाटात ठेवले, कुलूप लावलं, किल्ली कुर्त्याच्या खिशात टाकली आणि फळ्यावर लिहिलं: ‘कॅमेरा नंतर. आधी डोळे.’ पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं, खाली लाल पेनानं दोन रेघा मारल्या आणि विचारलं, “सर, हे परीक्षेला हाय काय?”

“याची परीक्षा आयुष्य घेतं,” सर म्हणाले.

“म्हणजे नाही,” पहिल्या बाकावरचा पोरगा म्हणाला आणि त्यानं वही मिटली.

दिवाळीपर्यंत कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, हे कळल्यावर अर्धा वर्ग कबड्डीच्या छंदवर्गात गेला. उरलेल्यांना सरांनी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यात आगपेटीएवढी खिडकी कापायला लावली. ती डोळ्यांपुढे धरायची आणि मैदानावर जाऊन नुसतं बघायचं. चाळीस मिनिटं. बाकीच्या वर्गांतून दिसायचं ते असं: भर उन्हात वीस-बावीस पोरं पुठ्ठे डोळ्यांना लावून दहा दिशांना तोंडं करून उभी आहेत आणि मधोमध सर डोळे मिटून. पालक-शिक्षक सभेत एका आईनं शंका काढली की हा डोळे तपासायचा कॅम्प असेल तर चष्म्याचा नंबर अजून का कळवला नाही.

“काय दिसलं?” सर विचारायचे.

“मैदान, सर.”

“मैदान हे नाव झालं. दिसलं काय?”

यावर पोरं विचारात पडायची. रोज बघतोय त्याला आणखी काय दिसायचं? एकदा सरांनी नेहमीच्या स्वरात, म्हणजे प्रश्न वर्गाला विचारलाय की आकाशाला हे कळू नये अशा स्वरात, विचारलं, “प्रकाश कुठून येतो?” शिपाईमामा दारातच नोटीस घेऊन उभे होते. ते म्हणाले, “एमएसईबीकडनं. पण आज सोमवार, अकराला जाणार.” वर्ग हसला. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “महाद्वारातनं येतो, सर.”

सरांना कळेना. मग सगळा वर्ग एकदम सांगायला लागला. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो, नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीत. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं, गरुडमंडप ओलांडून थेट गाभाऱ्यात जातं. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. मधे इमारत आली की अडतं, ढग आला की चुकतं. किती मिनिटं टिकतं, कुठल्या पायरीवरून वर चढतं, हे पोरांना तोंडपाठ. ती मुलगी म्हणाली, “मी बघितलो हाय, सर. आजीच्या खांद्यावर बसून.” आमच्याकडच्या मुली ‘मी बघितलो’च म्हणतात, मुंबईच्या माणसाला ते पचायला एक टर्म जाते. पण सरांचं व्याकरणाकडे लक्षच नव्हतं. ते खुर्चीत बसले. एवढ्या लांबून येणारा, अरुंद वाटेनं आत शिरणारा आणि ठरल्या जागी पडणारा उजेड या गावानं शतकानुशतकं दगडात बांधून ठेवलाय आणि आपण इथं पुठ्ठे कापतोय! त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी डबा उघडला नाही.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी अख्ख्या वर्गखोलीचाच कॅमेरा केला, आणि त्यांचं नाव पडलं.

कृती तशी सोपी. रस्त्याकडच्या खोलीच्या सगळ्या खिडक्या, झरोके, दाराखालची फट काळ्या कागदानं बंद करायची. फक्त एक भोक ठेवायचं, रुपयाच्या नाण्याहून लहान. बाहेर लख्ख ऊन असलं की रस्त्याचं चित्र समोरच्या भिंतीवर पडतं, मात्र उलटं. कारण उजेड सरळ रेषेत जातो, वरचा खाली येतो आणि खालचा वर. अडचण आली काळ्या कागदाची. शाळेच्या शिल्लक रकमेत तो बसेना. मग पोरांनीच तोड काढली. आमच्या गावात दर चौकात, दर आठवड्याला कुणाचा तरी वाढदिवस असतो आणि तो झाला की फ्लेक्स बेवारस होतो. दोन दिवसांत एवढे फ्लेक्स गोळा झाले की खोलीच्या भिंतींवर आतून बाहेरून भावी नगरसेवकच भावी नगरसेवक. भोक पाडायची जागा सरांनी मोजूनमापून काढली, तेव्हा ती नेमकी एका युवा नेत्याच्या कपाळावर आली. पोरांनी आधी त्यांची माफी मागितली, मग पाडलं.

दार लावलं. पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही. डोळ्यांना अंधार सरावावा लागतो, आणि शाळेतल्या पोरांना पाच मिनिटं गप्प बसवायला अंधारासारखा मास्तर नाही. मग भिंत हळूहळू भरू लागली. आधी वर रस्ता, राखाडी. खाली आकाश. मग छताला पाय लावून चालणारी माणसं, चाकं वर करून सरकणारी रिक्षा, आणि लालभडक एसटी, जिचा टप तळाशी. रंगीत, हलतं आणि आवाज नसलेलं. आवाज बाहेरून येत होता तो निराळा. मी मराठीचा तास सोडून बघायला गेलो होतो. एसटी उलटी गेली तेव्हा मीही पोरांसारखाच ओरडलो.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “अरे, टपरी!”

रस्त्यापलीकडे चहाची टपरी आहे. भिंतीवर ती उलटी लटकत होती आणि तिच्या बाकावर, डोकं खाली पाय वर, आमचे विज्ञानाचे सर बशीत चहा ओतत होते. चेहरा नीट कळत नव्हता, पण तो मोरपिशी शर्ट आणि बशीवर फुंकर मारतानाची मान, ओळखायला शंका नको. वेळ: नववी ‘ब’चा विज्ञानाचा तास. नववी ‘ब’ची चार पोरं याच छंदवर्गात होती, कारण त्यांचा तास मोकळा होता. शेजारी खेळाचे सर. थोड्या वेळानं ग्रंथपालबाई आल्या, त्यांनी दोघांना काहीतरी सांगितलं आणि तिघंही हसले. वर्ग नाटक बघावं तसा बघत होता. मग चित्राच्या एका कडेनं स्कूटर आली, छताला चिकटून, आणि थांबली. हेडसर. तिघंही बाकावरून एकदम खाली पडले. म्हणजे खरं तर उठून उभे राहिले.

पुढं जे व्हायचं तेच झालं. हेडसर वर आले, दार उघडलं आणि त्यांना दिसला तो अंधार. अंधार, दार बंद, आत मुलं आणि मुली. “अहो, हे काय चाललंय?” सर शांतपणे म्हणाले, “आम्ही तुम्हालाच बघत होतो.” हे वाक्य तत्त्वज्ञान म्हणून ठीक होतं, पण हाताखालच्या माणसानं वरिष्ठाला म्हणावं असं नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांना अंधारे सर म्हणू लागले. पुढं पंचायत समितीचे एक साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी शेरेबुकात ‘श्री. अंधारे यांचे कार्य प्रशंसनीय’ असंच लिहिलं. सर्व्हिस बुकात काय नाव आहे ते आता क्लार्कलाच माहीत. स्टाफरूममध्ये मात्र वातावरण बदललं. छंदवर्गाच्या दिवशी टपरीवर कुणी जाईना. विज्ञानाचे सर म्हणाले, “प्रकाशाचं सरळ रेषेत प्रसारण मी गेली अठरा वर्षं शिकवतोय, पण ते असं अंगावर येईल असं वाटलं नव्हतं.”

हेडसरांनी मग रीतसर खुलासा मागितला: शाळेत असलं फोटोग्राफीचं शिक्षण कुठं देतात तरी का? सरांना हेच हवं होतं. या माणसांना इतिहास विचारू नये. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली फोटोग्राफीचा वर्ग निघाला होता, दागेरनं फ्रान्समध्ये आपला शोध जाहीर केल्याला तेव्हा जेमतेम सोळा वर्षं झाली होती, आणि त्या वर्गातून हरिश्चंद्र चिंतामण नावाचा फोटोग्राफर घडला, हे त्यांनी एका दमात सांगितलं.

“तो वर्ग अनुदानित होता का?” हेडसरांनी विचारलं.

सरांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी एक गोष्ट मात्र सांगितली नाही, ती मी ग्रंथालयात शोधून काढली. हा हरिश्चंद्र चिंतामण पुढं मुंबईच्या आर्य समाजाचा अध्यक्ष झाला. १८७९ साली ब्लाव्हट्स्कीबाई आणि कर्नल ऑल्कट हे थिऑसॉफीवाले मुंबईत उतरले तेव्हा त्यांची व्यवस्था यानंच केली, आणि नंतर घरभाडं, जेवणखाण, इतकंच काय पण स्वागताला मांडलेल्या खुर्च्यांच्या भाड्यासकट बिल पाहुण्यांच्या हातात ठेवलं. फोटोग्राफी शिकल्यानं माणसाची नजर बारीक होते, यात वाद नाही.

खरं सांगायचं तर सरांच्या तत्त्वज्ञानातला निम्मा भाग मला कधीच कळला नाही, आणि मला शंका आहे की त्यांनाही तो सगळा कळला नसावा. ‘फोटो आपण काढत नाही, तो आपल्याला काढतो’ असं एकदा ते म्हणाले, त्यावर अजून विचार चालू आहे. पण उरलेला निम्मा भाग साध्या नियमांचा होता आणि तो पोरांनी जिद्दीनं पाळला, कदाचित सरांच्या अपेक्षेपेक्षा जास्तच.

दिवाळीनंतर कपाट उघडलं. पहिला नियम असा की महिन्याला प्रत्येकाचे फोटो छत्तीस. पूर्वी रोलमध्ये तेवढेच निघायचे. सरांच्या वडिलांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता, त्यात तर बाराच. लग्नाच्या वरातीपासून बारशापर्यंत त्या कुटुंबाचा संसार बारा-बाराच्या हप्त्यांत बसलेला. काढलेला फोटो पुसायचा नाही. वाईट आला तर वाईट आला. कपाटापाशी रजिस्टर ठेवलं होतं, त्यात आकडा लिहायचा. ज्या पोरांच्या घरच्या फोनमध्ये एका वाढदिवसाचे तीनशे फोटो असतात, त्यांना छत्तीसचा हिशेब आधी शिक्षा वाटला. एकानं पहिल्याच दिवशी तीस उडवले आणि उरलेला महिना संन्याशासारखा काढला.

सरांनी मग फाळक्यांची गोष्ट सांगितली. पैसे उभे करण्यासाठी लोकांना काहीतरी दाखवायला हवं म्हणून दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याचा वेल कसा वाढतो ते दिवसाला थोडं थोडं करून चित्रित केलं आणि ‘अंकुराची वाढ’ तयार झाली. झालं! वर्गात कुंड्या आल्या. रोज एक फोटो, महिन्याला तीस, उरले सहा. एका पोराचा वाटाणा सोळाव्या दिवशी गायब झाला. त्याचा सतरावा फोटो आहे तो उसळीचा. मालिका म्हणून सरांना तीच सगळ्यांत जास्त आवडली.

आणि बाबूराव पेंटर? ते तर आमचेच. परदेशी कॅमेरा परवडत नाही म्हणून या माणसानं साथीदारांना घेऊन इथं, कोल्हापुरात, १९१८ साली मूव्ही कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे तो त्याच आठवणीचा. आमची पोरं त्याच्याखाली सायकली लावून गप्पा मारतात. सर त्यांना तिथं घेऊन गेले आणि वर बघायला लावलं. बऱ्याच जणांनी वर बघितलं ते आयुष्यात पहिल्यांदाच.

छत्तीसच्या नियमातून एक बाजारही सुरू झाला. आठवीत एक पोरगा आहे, वडील गुळाचे अडते. पहिल्या महिन्यात त्यानं स्वतःसाठी चारच फोटो काढले. सरांनी त्याच्या संयमाचं कौतुक केलं. नंतर कळलं की उरलेल्या बत्तीस फ्रेमा त्यानं विकल्या. दर उघड होता: महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका फ्रेमेला एक पेन्सिल, पंधरवड्यानंतर गृहपाठाची एक वही, अखेरच्या दिवशी बोली. फोटो तो काढायचा, सांगेल तिथं उभा राहून सांगेल त्याचा. रजिस्टरमध्ये आकडा त्याच्या नावावर. नियमात कुठंच बसत नव्हतं असं नाही. सरांनी डोक्याला हात लावला, पण बंदी घातली नाही. “मूल्य कळलं ना त्याला फ्रेमेचं?” ते म्हणाले. यावर आमच्या इतिहासाच्या बाई म्हणाल्या की मूल्य नाही, भाव कळलाय.

दुसरा नियम परवानगीचा. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही, आणि नको म्हणाला तर कॅमेरा खाली. पोरं गावभर विचारत सुटली. भाजीवालीला विचारलं, तिनं आधी कोथिंबीर घ्यायला लावली. तालमीतल्या एका पैलवानाला विचारलं, तो हो म्हणाला, दंड फुगवून उभा राहिला आणि कॅमेऱ्याची बॅटरी संपलीय हे सांगायचं धाडस कुणाला होईना म्हणून वीस मिनिटं तसाच उभा राहिला. एकानं म्हशीलाही विचारलं. तिचं काय उत्तर आलं ते त्याच्या पँटवर दिसत होतं.

महाद्वारवाल्या मुलीनं सरांकडून होमाई व्यारावालांची गोष्ट मागून ऐकली. जे. जे.त शिकलेली बाई, देशातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जायचे, आणि पुढं ‘डालडा १३’ हे टोपणनाव, कारण मोटारीचा नंबर डीएलडी १३. त्या मुलीनं रजिस्टरमध्ये स्वतःच्या नावापुढं आपल्या सायकलच्या कुलपाचा नंबर लिहायला सुरुवात केली. तिचा एक फोटो माझ्याकडे आहे. मधल्या सुट्टीनंतरचं स्टाफरूमचं टेबल, माणूस एकही नाही. आठ कप. एका बशीत चहाचं तळं आणि त्यात बुडून गेलेला बिस्किटाचा तुकडा. एक कप उपडा घातलेला. एकाच्या कानात खडूचे पांढरे ठसे. एक भरलेलाच, वर साय धरलेली. कुठला कप कुणाचा हे मी एकदाही न चुकता सांगू शकतो, आणि भरलेला कप कुणाचा तेही. त्या बाई त्या आठवड्यात चहा घेत नव्हत्या, हे आम्हा सात जणांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्या मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मी विचारून काढलाय, सर. मामांना. कप त्यांच्या ताब्यात असतात.”

आणि मग आला पारितोषिक वितरणाचा कार्यक्रम, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. ऐन लग्नसराई, स्टुडिओवाला मोकळा नव्हता. हेडसर म्हणाले, बरंच झालं, आता आपलीच पोरं. अंधारे सरांनी मान तिरकी केली. ती होकाराची होती की नव्हती, यावर पुढं बराच काथ्याकूट झाला.

संस्थेचे चेअरमन प्रमुख पाहुणे. शाल, श्रीफळ, फेटा. आठ पोरं आठ कॅमेरे घेऊन स्टेजजवळ गेली आणि शिकवल्याप्रमाणे पहिल्या पोरानं अदबीनं विचारलं, “साहेब, तुमचा फोटो काढू काय?”

आता आपल्याकडं मोठ्या माणसानं लगेच हो म्हणायची पद्धत नाही. पानात वाढलेल्या जिलेबीवरसुद्धा आधी हात आडवा धरायचा असतो. चेअरमनसाहेब मोठ्या मनानं हसले आणि म्हणाले, “माझा कशाला रे? पोरांचे काढा.”

पोरानं कॅमेरा खाली केला. दुसऱ्यानं विचारलं, त्यालाही तेच उत्तर. तिसऱ्यालाही. आठही कॅमेरे खाली गेले.

कार्यक्रम संपल्यावर हेडसरांनी फोटो पाहिले. स्टेजखालच्या चपला होत्या, रांगेनं. ताम्हन धरून धरून हात भरून आलेल्या मुलीचा फोटो होता. पारितोषिक न मिळालेल्यांचा एक होता, टाळ्या वाजवताना. नारळाचे तीन होते, तिन्ही उत्तम. चेअरमनसाहेबांचा एकही नव्हता. एका फोटोत त्यांच्या फेट्याचा शेमला होता, तोही फेटा बांधणाऱ्यानं आपल्या हातांच्या फोटोला परवानगी दिली म्हणून.

हेडसर काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. सर इतकंच म्हणाले, “त्यांनी नाही म्हटलं.” त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटतं, या वेळी हे तत्त्वज्ञान म्हणून नव्हतं, नियम असा भलत्या जागी जाऊन उभा राहील याची त्यांनाही कल्पना नसावी.

अहवालाला फोटो हवाच. चेअरमनसाहेब एक तारखेला पहाटे मुंबईला निघणार होते. मोठ्या मिनतवारीनं ते एकतीस तारखेला दुपारी चारला शाळेत यायला कबूल झाले, पण लवकर आटोपायच्या बोलीवर. कारण त्या दिवशी किरणोत्सव, सूर्य मावळायच्या आत त्यांना देवळात पोहोचायचं होतं, आणि सूर्याला फोन करून थांबवण्याइतकी ओळख अजून कुणाची नाही. पुन्हा स्टेज, पुन्हा शाल. नारळ नवा, कारण आधीच्याची वडी झाली होती. टाळ्या वाजवायला आठवी ‘अ’ आणली. पोरांना ताकीद मिळाली होती की आज काही विचारायचं नाही. पण चेअरमनसाहेब स्वतःच पुढे होऊन म्हणाले, “काढा रे, काढा. मी नको म्हणालो तरी काढा.”

आठ पोरं जागची हलली नाहीत.

“काय झालं आता?” हेडसर.

“सर, महिनाअखेर आहे,” पहिल्या बाकावरचा पोरगा म्हणाला. “रोल संपलाय.”

हेडसरांनी अंधारे सरांकडे पाहिलं. अंधारे सर भिंतीवरच्या उन्हाकडे बघत होते. ते सरकत चाललं होतं. कपाटापाशी जाऊन रजिस्टर आणलं गेलं. छत्तीस, छत्तीस, छत्तीस, छत्तीस. आठवीतल्या अडत्याच्या नावापुढं मात्र एकोणतीस.

हेडसर त्याला बाजूला, जिन्याखाली घेऊन गेले. चेअरमनसाहेब शाल सावरत घड्याळ बघत होते. जिन्याखालून आधी हेडसरांचा आवाज आला, मग पोराचा, मग बराच वेळ कुणाचाच नाही. पाच मिनिटांनी दोघं बाहेर आले. पोरानं कॅमेरा घेतला, चेअरमनसाहेबांना खिडकीकडे जरा वळवलं, हेडसरांना अर्धं पाऊल मागं घेतलं आणि दोन फोटो काढले. रजिस्टरमध्ये एकतीस लिहिलं. दोन्ही फोटो चांगले आलेत. अहवालाच्या मुखपृष्ठावर त्यातलाच एक आहे.

सौदा कितीला तुटला हे दोघांपैकी कुणी सांगितलं नाही. पण सोमवारी तो पोरगा प्रार्थना संपल्यावर वीस मिनिटांनी आला, फाटकाशी उशिरा येणाऱ्यांची ओळ होती तिच्या शेजारून सरळ चालत गेला आणि हेडसरांनी त्याला हात वर करून वाट दिली.